पुस्तक नंतर सोडा, आधी पेपर कोण काढतं ते विचारा

तुमची पोस्ट वाचली आणि बारा वर्षांपूर्वीची मीच समोर उभी राहिले. तुमचा ठाण्यातला स्पॅनिशचा क्लास, ए-वनची, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची बॅच. सहा महिने होऊन गेले, विद्यार्थी पुस्तकातल्या गाळलेल्या जागा अचूक भरतात, पण ‘कोमो एस्तास’च्या (कसा आहेस) पुढे तोंड उघडत नाहीत. म्हणून पुस्तक बाजूला ठेवून मेन्यूकार्डं, जाहिराती, रेडिओ असं खरंखुरं स्पॅनिश वर्गात आणू का, असं विचारलंयत. आणा. ते कुठून मिळवायचं हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. मी कुठे आपटले तेवढं सांगते.

पश्चिम उपनगरातली एक संस्था, नाव घेत नाही. अठरा जणांची बॅच, बहुतेक कॉल सेंटर आणि आयटीवाले. मी कोऑर्डिनेटर बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, “करा की, छानच आहे. फक्त पोर्शन पूर्ण झाला पाहिजे.” त्या ‘फक्त’कडे माझं लक्षच गेलं नाही.

पुढचे तीन महिने काय मजा आली! ‘मेनू देल दिया’चे, म्हणजे तिथल्या हॉटेलातल्या आजच्या थाळीच्या पाट्यांचे फोटो घेऊन वर्गात हॉटेल मांडलं. वेटरला गुपचूप सांगून ठेवलेलं की मासा संपलाय, आणि गिऱ्हाइकाला तोच हवाय. पंचवीस मिनिटं नुसती हुज्जत, तीही स्पॅनिशमध्ये. सुपरमार्केटच्या पत्रकावर 1,99 युरो वाचून निम्मा वर्ग म्हणाला, एकशे नव्याण्णव! स्पेनमध्ये दशांशाला स्वल्पविराम देतात हे मला फळ्यावर लिहावंच लागलं नाही.

मग परीक्षा आली. पेपर ऑफिसातून यायचा, कोणी कधीकाळी पुस्तकावर बेतून ठेवलेला. 60 मार्कांच्या गाळलेल्या जागा, 30 मार्कांचं इंग्रजीतून भाषांतर, आणि 10 मार्कांची ‘ओरल’, म्हणजे एक उतारा मोठ्याने वाचायचा. अठरापैकी अकरा नापास. बिलावरून वेटरशी सगळ्यात झकास भांडणारी मुलगी 34 वर अडकली. यांच्यातल्या बऱ्याच जणांना कंपनी फी परत देणार होती, पण पास झालं तरच. चिडले ते माझ्यावर, आणि बरोबरच होतं त्यांचं.

ऑफिसात गेले तर “मॅडम, तुम्ही पोर्शन केला नाहीत.” परवानगी तोंडी होती, ती आता कोणालाच आठवेना. पेपर बदला म्हटलं तर तो कमिटी ठरवते. कमिटी कधी बसते? ते सर सांगतील. सर कुठे आहेत? रजेवर. तीन चकरा मारल्या. शेवटी फेरपरीक्षेसाठी सहा रविवार फुकट बसून त्याच गाळलेल्या जागा भरून घेतल्या. पुढची बॅच मला मिळाली नाही. आजही आठवलं की डोकं तापतं, त्यामुळे पुढचं सगळं थोडं हातचं राखून वाचा.

चूक ऑफिसची होती, पण पहिली माझी. शिकवणं बदललं आणि पेपर होता तिथेच ठेवला. तुम्ही एक फोटोसुद्धा वर्गात नेण्याआधी ईमेलवर लेखी घ्या की पेपरमध्ये ऐकणं आणि बोलणं धरून निदान निम्मे मार्क असतील. संस्थेला शिकवण्याचं तत्त्वज्ञान ऐकवू नका, झोपतात. डेलेचा, म्हणजे स्पॅनिशच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा नमुना पेपर समोर ठेवा, ती घेणाऱ्या इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या साइटवर फुकट मिळतो. ए-वनला वाचन-लेखनाचा एक गट आणि ऐकणं-बोलण्याचा दुसरा. प्रत्येकात 50 पैकी 30 हवेतच, एका गटातली तूट दुसऱ्यातून भरून निघत नाही. “आपली मुलं तिथे बसली तर काय होईल?” एवढंच विचारा. रिझल्टची भाषा ऑफिसला कळते.

साहित्य निवडताना माझा एकच नियम: मुंबईत जे रोज कानावर पडतं त्याचा स्पॅनिश भाऊ शोधा. माद्रिद मेट्रोची ‘प्रॉक्सिमा एस्तासिओन’ ही घोषणा लावा. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन’ तीन भाषांत ऐकून वाढलेल्यांना ती पहिल्याच फटक्यात कळते. वळणावरच्या स्टेशनात तिथे सांगतात, डबा आणि फलाटाच्या फटीत पाय जाऊ देऊ नका, ‘तेंगान कुइदादो’. हे क्रियारूप पुस्तकात फार पुढे येतं. माझ्या ए-वनवाल्यांना ते रूप कुठलं याचा पत्ता नव्हता, पण सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, “जपून!” बातमीपत्र लावलंत तरी चालेल, पण विचारा एवढंच की आज पाऊस कुठे आहे. साहित्य अवघड असू दे, काम सोपं द्या. शब्दन् शब्द भाषांतर करायला लावलंत की ते परत पुस्तकच झालं.

तुमचे विद्यार्थी कोणासाठी शिकतायत तेही बघा. क्लायंट मेक्सिकोचा असेल तर ‘वोसोत्रोस’ची (स्पेनमधलं अनेकांना म्हणायचं ‘तुम्ही’) रूपं घोकून घेण्यात अर्थ नाही, तिकडे कोणी वापरत नाही. तिथलाच माल आणा. ‘आओरिता’ म्हणजे शब्दशः आत्ताच, पण मेक्सिकन माणूस ते म्हणाला की आपल्या ‘हा काय, निघालोच’ इतकाच भरवसा ठेवायचा.

आणि कृपा करून इंग्रजीतून समजावू नका! (हे माझं खास दुखणं आहे, विषयांतर माफ.) ‘मे गुस्ता एल ते’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. इंग्रजीतून शिकणारा इथे महिनाभर गटांगळ्या खातो. ‘मला चहा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’ हे शेजारी लिहा, दोन मिनिटांत संपलं. तू-तुम्ही आपल्याकडे आहेच, नामांना लिंग आहे, त-द सुद्धा स्पॅनिशसारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे. वर्गात अमराठी असतील तर हिंदीतही हे जमतं.

पुस्तक फेकू मात्र नका. घरच्या सरावाला ते चांगलं, आणि ज्यांना पानं उलटल्याशिवाय शिकल्यासारखं वाटत नाही त्यांना हातात काहीतरी लागतंच. शाळकरी मुलांचं मला विचारू नका, मी मोठ्यांनाच शिकवलंय. सिनेमा पहिल्या टप्प्यात नको, सबटायटल वाचून घरी जातात. व्हिडिओ-ऑडिओ फोनवर आधीच उतरवून ठेवा, क्लासच्या वायफायवर मी दोन तास गमावलेत. आणि पत्रकं रंगीतच छापा, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये टोमॅटो कुठला आणि पीच कुठला ते कळत नाही.

तुमच्याकडे पेपर कोण काढतं ते लिहाल का? त्यावर पुढचं सांगता येईल.