भरपाई मारलेल्या पक्ष्याची मिळते, रिकाम्या शेडची नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा हजार लेयरची (अंड्यांच्या कोंबड्यांची) शेड, बँकेचं कर्ज, पहिली बॅच ऐन अंड्यावर. उदगीरला कावळे बर्ड फ्लूने मेल्याची बातमी वाचल्यापासून घरात काळजी. विमा काढला की विषय मिटतो का, आणि भावाने शेजारच्या वावरात दुसरी शेड टाकावी का? दोन्हींचं उत्तर माझ्या मते नाही असं आहे. का ते सविस्तर सांगतो, कारण या विषयावर आपल्याकडे औषधं आणि फवारणी यांचीच चर्चा होते, पैशाची फार कमी.

आधी भरपाई. रोग पक्का झाला की शेडभोवतीच्या एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी मारतात, आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख व वाहतुकीवर बंधनं येतात. मारलेल्या पक्ष्यांचे पैसे केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे देतात. २०२१च्या साथीत आपल्या राज्यात दर असे होते: आठ आठवड्यांपर्यंतची लेयर २० रुपये, त्यापुढची ९० रुपये, अंडं ३ रुपये, खाद्य १२ रुपये किलो. दर बदलतात, त्यामुळे चालू दर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वहीत लिहून ठेवा. पण हिशोबाची रीत कळावी म्हणून हेच आकडे घेऊ. पुलेट, म्हणजे अंड्यावर येण्याआधीची तरुण कोंबडी, अठरा आठवड्यांची होईपर्यंत साधारण सहा किलो खाद्य खाते. पंचवीस रुपये किलोने धरलं तरी दीडशे रुपये नुसत्या खाद्याचे झाले. पिल्लाची किंमत, लसी, मजुरी, वीज अजून बाहेरच आहे. म्हणजे ९० रुपयांत खाद्याचेही पैसे निघत नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट पुष्कळांना वेळ निघून गेल्यावर कळते. भरपाई पंचनाम्याच्या वेळी जिवंत असलेल्या, सरकारने मारलेल्या पक्ष्यांचीच असते. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्याचा एक रुपयाही मिळत नाही. आणि हा रोग शेडमध्ये शिरला की दिवसांत अख्खी बॅच बसवतो. समजा मरतूक ३०० वर असताना तुम्ही कळवलंत आणि कलिंगपर्यंत (सरकार पक्षी मारेपर्यंत) ९,००० पक्षी उरले, तर ९० रुपयांनी ८ लाख १० हजार होतात. चार दिवस "उन्हाने असेल, पाण्याने असेल" म्हणत घालवले आणि ४,००० उरले, तर ३ लाख ६० हजार. कळवणं २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने बंधनकारक आहेच, पण मी ते पैशाच्या अंगानेही सांगतोय. लवकर फोन करणारा जास्त वाचवतो. मरतूक नेहमीपेक्षा अचानक वाढली, तुरे आणि गळ्याखालची लोंबती कातडी निळसर पडली, अंडी एकदम घटली, तर त्याच दिवशी पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलवा. मेलेला पक्षी स्वतः फाडून बघू नका. नमुना पुण्याच्या औंधच्या प्रयोगशाळेत आणि पुढे भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातो. अहवाल येईपर्यंतचे दिवस तुमच्या हातात नसतात, फोनचा दिवस असतो.

व्यापाऱ्याला कमी भावात पक्षी देऊन शेड मोकळी करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने रोग दुसऱ्याच्या दारात जातो. शेजारचा कोंबडीवाला बुडाला तर त्याचा परीघही तुमच्यावरच येतो.

आता खरा खड्डा. कलिंग झालं, खत-तूस-कागदी ट्रे गाडले-जाळले, शेड धुवून निर्जंतुक केली. त्यानंतर साधारण तीन महिने देखरेख चालते, आणि मोकळीक मिळेपर्यंत नवा पक्षी भरता येत नाही. मग पिल्लं भरलीत तर अंड्यावर यायला आणखी साडेचार-पाच महिने. तयार पुलेट घेतली तर ते महिने वाचतात, पण साथीनंतर सगळेच पुलेट शोधतात, आणि भावही तसाच लागतो. एकूण आठ-नऊ महिने अंड्याचा पैसा शून्य. बँकेचा हप्ता, मजुराचा पगार, विजेचं बिल, घरखर्च मात्र दर महिन्याला येतो. भरपाईच्या कागदावर या महिन्यांसाठी रकानाच नाही. म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: शेड नऊ महिने रिकामी राहिली तर घर आणि हप्ता कशावर चालेल?

नवापूरकरांना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. देशात कोंबड्यांतला हा रोग पहिल्यांदा पक्का झाला तो १८ फेब्रुवारी २००६ला नवापुरात, आणि लाखो पक्षी मारावे लागले. पंधरा वर्षांनी, २०२१च्या फेब्रुवारीत, त्याच तालुक्यात पुन्हा तेच. त्याच्या महिनाभर आधी परभणीतल्या मुरुंब्यात. एकदा येऊन गेला म्हणजे आता येणार नाही, हा हिशोब चालत नाही. एकाच पट्ट्यात शेडला शेड लागून असली की एका शेडचा रोग सगळ्या वस्तीचा होतो.

म्हणूनच भावाच्या शेडबद्दल माझं स्पष्ट मत: शेजारच्या वावरात नको. दोन शेड, दोन वयाच्या बॅच, म्हणजे जोखीम वाटली गेली असं वाटतं. भाव पडला तर तेवढा आधार होतोही. पण बर्ड फ्लूसाठी एक किलोमीटरच्या आतल्या दोन शेड म्हणजे एकच शेड. त्यात तेच मजूर, तेच ट्रे, तीच गाडी. दुसरी टाकायचीच तर सासुरवाडीकडे, बहिणीच्या गावाला, कुठेही, पण अंतरावर आणि माणसं-ट्रे वेगळे ठेवून. ते जमत नसेल तर यंदा ते भांडवल हाताशी राहू द्या.

विम्याचं म्हणाल तर पॉलिसीचा कागद हातात घेऊन दोन जागा शोधा. वगळलेल्या आजारांच्या यादीत बर्ड फ्लू आहे का, आणि सरकारी आदेशाने पक्षी मारले तर दावा नाकारण्याचं कलम आहे का. यातलं एक जरी असलं तरी ज्या दिवसासाठी तुम्ही विमा काढताय, त्याच दिवशी तो उपयोगाचा नाही. एजंट तोंडी काय म्हणतो त्याला किंमत नाही, लेखी उत्तर मागा. आग, पूर, वादळ यासाठी शेडचा विमा जरूर काढा, त्याबद्दल दुमत नाही. रिकाम्या महिन्यांचं उत्पन्न मात्र साध्या पक्षी-विम्यात धरलेलं नसतं.

मग उपाय काय? स्वतःचा राखीव पैसा. दहा हजार पक्ष्यांवर सरासरी ८५ टक्के अंडी धरली तर रोज ८,५०० अंडी. अंड्यामागे दहा पैसे बाजूला काढले तर रोजचे ८५० रुपये, वर्षाचे तीन लाखांवर. हा पैसा वेगळ्या खात्यात, शक्यतो मुदत ठेवीत, आणि खाद्याच्या बिलासाठीही त्याला हात लावायचा नाही. ज्या महिन्यात भाव चांगला त्या महिन्यात वीस पैसे काढा. निदान बँकेच्या सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढा पैसा साठेपर्यंत नवी गाडी नाही, नवी शेड नाही. हे ऐकायला कडक वाटतं, पण साथीत ज्यांची शेड पुन्हा भरलेली मी पाहिली, त्यांच्याकडे पैसा आधीच होता. उधारीवर पुन्हा उभे राहिलेले फार थोडे.

दुसरं, हिवाळ्यात अडकलेला पैसा कमी ठेवा. स्थलांतरित पक्षी येतात तो काळ, नोव्हेंबर ते मार्च, आपल्यासाठी जोखमीचा. त्या काळात खाद्याचा साठा दहा दिवसांपेक्षा जास्त नको. तुमचे पक्षी रोज अकराशे किलोच्या आसपास खातात. वीस टन भरून ठेवलंत आणि ते नष्ट करावं लागलं, तर पंचवीसने घेतलेल्या मालाचे बाराने पैसे. तसंच व्यापाऱ्याकडची उधारी. रोगाची बातमी आली की तुमच्या शेडला काही झालेलं नसतानाही भाव कोसळतो आणि व्यापारी पैसे थांबवतो. २०२० मध्ये तर कोरोनाच्या नुसत्या अफवेने चिकनचा धंदा झोपला होता, कोंबडीचा त्या रोगाशी काही संबंध नसताना. थंडीत आठवड्याची उधारी आठवड्यात वसूल झालीच पाहिजे.

म्हाताऱ्या बॅचचा निर्णय मात्र सोपा नाही. थंडीत अंड्याला भाव असतो, म्हणून पंच्याहत्तर आठवड्यांची बॅचसुद्धा ओढावीशी वाटते. माझा कल डिसेंबरच्या आत विकण्याकडे आहे, कारण अंडी संपत आलेल्या, मांसासाठी विकायच्या पक्ष्याचा भाव अफवेने सगळ्यात आधी पडतो. ज्याच्याकडे सहा हप्ते साठलेत त्याने जानेवारीपर्यंत थांबायला हरकत नाही.

बँकेशी आजच बोला, थकल्यावर नाही. २००६च्या साथीनंतर रिझर्व्ह बँकेने पोल्ट्रीची थकलेली देणी मुदत कर्जात बदलून, तीन वर्षांपर्यंत फेड आणि सुरुवातीला वर्षापर्यंत सवलत द्यायला बँकांना सांगितलं होतं. तशी सवलत दर वेळी येईलच असं नाही, पण पुनर्रचनेचा अर्ज करायला उदाहरण आहे. कुक्कुटपालनाला किसान क्रेडिट कार्डही मिळतं. खाद्यवाल्याच्या उधारीपेक्षा ते स्वस्त पडतं, त्याची चौकशी करा.

कागद तयार ठेवा: पिल्लांची बिलं, खाद्याची बिलं, लसीकरण, रोजची मरतूक आणि अंडी. रोज लिहिलेल्या वहीमुळे पंचनाम्यात संख्येवरून वाद होत नाही. पशुसंवर्धन विभागाकडे फार्मची नोंद नसेल तर या आठवड्यात करून घ्या.

करारावर ब्रॉयलर करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं, शेड-मजुरी-वीज-तूस तुमचं. पक्षी सरकारने मारले तर भरपाई कोणाच्या खात्यात जाणार आणि तुमच्या वाढवणुकीच्या पैशाचं काय, हे करारात लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर सही करण्याआधी लिहून घ्या. २०२१च्या दरात मांसल पक्षी सहा आठवड्यांच्या आत २० रुपये आणि पुढे ७० रुपये होता. आपल्याकडे पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलोचा पक्षी उचलला जातो, म्हणजे विक्रीला तयार पक्षीसुद्धा वीसच्या रांगेत बसला. हा दर वयाऐवजी वजनावर हवा. ही मागणी संघटनांनी लावून धरायला हवी, कारण एकेकट्या शेतकऱ्याचं म्हणणं कोणी ऐकत नाही.

जैवसुरक्षेवर, म्हणजे रोग शेडमध्ये शिरू न देण्याच्या काळजीवर, इथे पुष्कळ लिहिलं गेलंय, तरी एक सांगतो. पैसे थोडेच असतील तर आधी ट्रेवर खर्च करा. गावोगाव फिरून आलेला कागदी ट्रे शेडच्या दारापर्यंत येऊ देऊ नका. धुता येतील असे प्लॅस्टिकचे स्वतःचे ट्रे, व्यापाऱ्याची गाडी फाटकाबाहेर, पाण्याच्या टाकीला झाकण, बाजूच्या जाळ्यांना भोकं नकोत, आणि मजुराच्या घरी गावरान कोंबड्या नकोत.

तुमचा महिन्याचा हप्ता, बॅचचं वय, व्यापाऱ्याकडची उधारी आणि खाद्याचा साठा एवढे चार आकडे इथे टाका. नऊ महिन्यांचा ताळा मांडून देतो, आणि राखीव पैसा अंड्यामागे दहा पैसे पुरेल की पंधरा लागतील ते त्यावरून ठरवू.