अमेरिकेत ९ एमएमची आटोपशीर कार्बाइन कोणी वापरली आहे का? पिस्तूल असताना ती घेण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलंय, टेक्सासात राहता, ९ एमएमचं पिस्तूल घेऊन झालंय आणि आता त्याच काडतुसावर चालणारी छोटी कार्बाइन, म्हणजे खांद्याला टेकवून चालवायची आखूड बंदूक, खुणावतेय. मी डॅलसच्या उत्तरेला राहतो आणि सहा वर्षं रूगरची पीसी कार्बाइन वापरतोय, म्हणून लिहितो.

घ्या. फक्त ‘घराच्या संरक्षणासाठी घेतोय’ अशी स्वतःची समजूत घालू नका. रेंजवर मजा यावी, नेम सुधारावा आणि घरच्यांनाही सोबत नेता यावं म्हणून घेतलीत तर पैसे वसूल आहेत.

हा प्रश्न वाचणारे निम्मे तरी एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (शिक्षणाच्या) व्हिसावर असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नॉन-इमिग्रंट व्हिसावर इथे आलेल्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. त्याला अपवाद मोजके आहेत, त्यातला नेहमी कामी येतो तो वैध शिकार परवान्याचा. ‘विकत कुठे घेतोय, मित्राची बंदूक रेंजवर दोनदा चालवली’ हेसुद्धा बाळगण्यातच धरलं जाऊ शकतं. ऑफिसच्या ग्रुपबरोबर हसत-खेळत रेंजवर जाणारी आपली पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. पिस्तूल घेताना तुम्ही बंदूक-खरेदीचा केंद्रीय फॉर्म ४४७३ भरलाच असेल, इथेही तोच. दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ लागतं, रायफलला १८ पुरतं, आणि सोळा इंची नळीची ही कार्बाइन कायद्याच्या लेखी रायफलच आहे.

आता बंदुकीविषयी. माझं पिस्तूल ग्लॉक १९, त्यामुळे निवड सोपी झाली. रूगरच्या या कार्बाइनमध्ये मॅगझिन बसायचा भाग बदलता येतो. एका तुकड्यावर रूगरची स्वतःची मॅगझिनं चालतात, दुसरा लावला की ग्लॉकची. नळी सोळा इंचांची, वजन तीन किलोच्या आसपास. पुढचा खटका दाबून नळी फिरवली की तिचे दोन भाग होतात आणि ती पाठीवरच्या साध्या सॅकमध्ये मावते. शेजाऱ्यांच्या देखत गाडीत बंदुकीची लांबलचक पेटी ठेवायला मला अजूनही अवघडल्यासारखं होतं, त्यामुळे ही सोय मला फार आवडली.

माझी पहिली फसगत धक्क्याच्या बाबतीत झाली. काडतूस पिस्तुलाचं, बंदूक तीन किलोची, म्हणजे खांद्याला काही कळणारसुद्धा नाही असं धरून चाललो होतो. तसं होत नाही. या स्वस्त-मध्यम किमतीच्या कार्बाइन बहुतेक साध्या ब्लोबॅक पद्धतीच्या असतात. त्यांत बोल्टला, म्हणजे काडतुसामागे मागे-पुढे सरकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, कुलूप नसतं. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत बोल्टचं निव्वळ वजन आणि मागची स्प्रिंग त्याला थोपवून धरतात. त्यामुळे बोल्ट जड करावा लागतो, आणि तो जड ठोकळा दर गोळीला मागे जाऊन थडकतो. दुखत नाही, पण ‘ठक्’ जाणवतं. रूगरने बोल्टच्या आत टंगस्टनचं सरकतं वजन ठेवलंय. ते मागच्या टोकाला जरा उशिरा पोचतं, म्हणून ठोका बोथट होतो. तरीही मित्राची ५.५६ एमएमची एआर-१५ रायफल चालवली तेव्हा माझ्या कार्बाइनपेक्षा दमदार काडतुसाची असूनही ती मला मऊ वाटली. तिच्यात बोल्ट फिरून कुलूपबंद होतो, म्हणून तो हलका ठेवता येतो. एमपी-५ मध्ये कुलूप नसतं, पण रोलर बोल्टला मागे जायला उशीर लावतात; सिगच्या एमपीएक्समध्ये गॅस-पिस्टनवर चालणारा, फिरून कुलूपबंद होणारा बोल्ट असतो. या दोन्ही रेंजवर भाड्याने घेऊन बघा. फरक पहिल्या पाच गोळ्यांत कळतो, आणि किमतीचा फरक खिशाला त्याहून लवकर.

त्या ठोक्याचा दुसरा परिणाम कोणी सांगत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या गोळ्या हळूहळू उजवीकडे सरकायला लागल्या. आधी डोळ्यांचा दोष समजलो, चष्म्याचा नंबरही तपासून आलो. शेवटी कळलं की रेड डॉटच्या (नेमासाठी लाल ठिपका दाखवणाऱ्या दर्शिकेच्या) बैठकीचे स्क्रू ढिले झालेत. निळं थ्रेडलॉकर लावून, टॉर्कच्या पान्याने सांगितलेल्या मापाला घट्ट केले. तेव्हापासून जागचे हललेले नाहीत. दुसरा मनस्ताप बाहेरच्या कुठल्याशा कंपनीच्या तेहतीस गोळ्यांच्या स्वस्त मॅगझिनने दिला. अर्ध्यावर आलं की काडतूस नाक खाली घालून अडकायचं. ग्लॉकची मूळ मॅगझिनं घातल्यावर हजारभर गोळ्यांत एकदाही अडकलं नाही. मॅगझिनमध्ये काटकसर करू नका.

लांब नळीने गोळी किती जोरात जाते हा सगळ्यांचा आवडता वाद. माझ्या क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) ११५ ग्रेन वजनाची साधी गोळी पिस्तुलातून सेकंदाला ११४० फुटांच्या आसपास निघते, कार्बाइनमधून १२८० च्या. वाढ आहे, पण तिने पिस्तुलाच्या काडतुसाची रायफल होत नाही. १४७ ग्रेनच्या जड गोळीला फायदा आणखी कमी. तिची मजा वेगळी आहे. ती आवाजाच्या वेगाखालीच राहते, त्यामुळे हवेतला तो सटका ऐकू येत नाही. अर्थात कानाला मफ लावायचेच, त्यात सूट नाही.

नेमाचं एक गणित मात्र समजून घ्या. रेड डॉट नळीच्या वर दीड-दोन इंच बसतो. पन्नास यार्डांवर शून्य केलेली, म्हणजे तिथे गोळी नेमकी ठिपक्यावर लागेल अशी जुळवलेली बंदूक पाच-सात यार्डांवर तुम्ही लावलेल्या ठिपक्याच्या खाली मारते, जवळजवळ तेवढीच दीड-दोन इंच. आणि शंभर यार्डांवर गोळी पाच-सात इंच खाली येते. माझ्या मते पन्नास-साठ यार्डांपर्यंत या बंदुकीला तोड नाही, शंभरावर ती फक्त पोचते. पंचवीस यार्डांवर मात्र पिस्तुलाने मी कागदभर गोळ्या पेरतो, तिथे हिच्याने मुठीएवढ्या जागेत टाकतो. टेकायला खांदा मिळाला आणि दोन्ही हात गुंतले, एवढ्यानेच हे जमतं.

बायकोने पिस्तुलाला दोनदा हात लावून ‘मला नाही जमत’ म्हणून सोडून दिलं होतं. मनगट उडायचं, की डोळे मिटायचे. कार्बाइनवर पहिल्याच दिवशी लोखंडी पाट्या खणाखणा वाजवल्या. आता महिन्यातून एकदा आम्ही दोघं जातो. ९ एमएमची गोळी साधारण पाव डॉलरला पडते, ५.५६ ची दुपटीच्या घरात, म्हणून दोघांनी दोनशे-दोनशे उडवल्या तरी घरी भांडण होत नाही. शिवाय ज्या बंदिस्त रेंजवर रायफलची काडतुसं चालत नाहीत, तिथेही ही बहुतेक चालते. स्पर्धेची हौस असेल तर यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांमध्ये २०१६ पासून पिस्तूल-कॅलिबर कार्बाइनचा वेगळा विभाग आहे. बंदूक वापरात नसताना चेंबरमध्ये रंगीत झेंडी घालून ठेवायची, हा तिथला नियम मी घरीही पाळतो.

आता घराच्या संरक्षणाचं. आपल्याकडे भिंत म्हणजे वीट नाहीतर काँक्रीट. इथली भिंत म्हणजे लाकडी चौकटीच्या दोन बाजूंना जिप्समच्या पाट्या. ९ एमएमची गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते, आणि पलीकडच्या खोलीत माझी मुलगी झोपते. शिवाय अंधारात, एका हाताने दार उघडत, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची बंदूक, हे एकदा रिकाम्या बंदुकीने करून बघा. माझी कार्बाइन दोन तुकडे करून तिजोरीत असते आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. तुमचं मत वेगळं असू शकतं.

‘आटोपशीर’ म्हणताना तुमच्या मनात सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची असेल, तर जरा थांबा. १९३४ च्या कायद्याप्रमाणे नळी सोळा इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी सव्वीस इंचांपेक्षा कमी असलेली रायफल आधी केंद्राकडे नोंदवावी लागते. दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आलाय. नोंदणी मात्र गेलेली नाही. आखूड हवी आणि कागदपत्रं नकोत, तर केल-टेकची सब-२००० बघा. नळी सोळा इंची, पण बंदूक मधोमध दुमडते, वजन दोन किलोच्या आत. दुमडल्यावर नळी वरूनच मागे येते, त्यामुळे जुन्या आवृत्तीत रेड डॉट वर ठेवता येत नाही. नव्या तिसऱ्या आवृत्तीत पुढचा भाग फिरवून ही अडचण सोडवलीय. आणि पुढे-मागे कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीला नोकरी बदलायचा विचार असेल, तर दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिनं तिथे चालत नाहीत, हे आत्ताच ध्यानात ठेवा.

थोडं विषयांतर. माझे वडील राज्य राखीव पोलीस दलात होते, दौंडला. ‘कार्बाइन’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर येते ती कानपूरची १-ए-१, म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंगची आपली आवृत्ती. ९ एमएमचीच. बाबा दोन वर्षांपूर्वी इकडे आले ते व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर कार्बाइन खांद्याला लावली त्याला माझ्या कार्बाइनला हात लावता येईना. काचेपलीकडे बसून त्यांनी सगळं बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “आमचं मॅगझिन डावीकडून आडवं यायचं, हे बरंय सरळ. पण तू बोल्ट पुढे असताना चाप ओढतोस, आमचा मागे असायचा.” अगदी बरोबर. स्टर्लिंग उघड्या बोल्टने चालते, ही बंद बोल्टने.

मग त्यांनी विचारलं, “पुंगळ्या कुठे जमा करायच्या?” नोकरीत सरावानंतर एकेक पुंगळी मोजून परत द्यावी लागे, एक कमी भरली तर सगळी पलटण गवतात ओणवी. मी म्हटलं, कुठेच नाही, रेंजवाला झाडून घेतो. त्यांना ते पटलं नाही. पुढच्या वेळी मला त्यांनी माझ्या दोनशे पुंगळ्या वेचायला लावल्या. एकशे सत्त्याण्णव सापडल्या, तर तीन कुठे गेल्या हे घरी पोचेपर्यंत विचारत होते.

तुमचं पिस्तूल कोणतं ते लिहिलेलं नाही. ग्लॉक असेल तर वर सांगितलेलं जसंच्या तसं लागू. दुसरं काही असेल तर मॉडेल कळवा. त्याची मॅगझिनं कोणत्या कार्बाइनला बसतात ते बघूनच पुढचं ठरवता येईल.