पेटी बंद केल्यावर काय ऐकू येतं ते बघा (सांगलीत गाण्याचा क्लास शोधणाऱ्या ताईंसाठी)

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी आठ वर्षांची आहे, तिला आणि जमलं तर स्वतःलाही गाणं शिकायचंय, विश्रामबागजवळचा क्लास धरावा का मिरजेपर्यंत जावं, परीक्षा घेणारेच बघावेत का, का ऑनलाइन चालेल. नावं मी सांगणार नाही, कारण माझ्या गळ्याला जे मानवलं ते तुमच्या मुलीला मानवेलच असं नाही. पण मी स्वतः पस्तिशीत सुरुवात केली, तीन ठिकाणी शिकलो, त्यातल्या एका ठिकाणी गळ्याची पार वाट लावून घेतली, तेव्हा बघायचं काय ते नक्की सांगू शकतो.

आधी ती वाट लागलेली गोष्टच सांगतो. पहिला क्लास घराजवळ म्हणून धरला, सोळा जणांची बॅच, बायका-मुली जास्त, त्यामुळं सगळ्यांचा सा, म्हणजे ज्या सुराला धरून गायचं तो, एकच, काळी चार (पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, सप्तकातली चौथी काळी कळ). माझा सा लागतो काळी एकला. आता त्यांच्या पट्टीत खालनं गायचं तर आवाजच निघत नाही आणि वरनं गायचं तर पंचमालाच (प ला) गळ्याच्या शिरा वर येतात. मला वाटायचं नवीन आहे म्हणून होतंय, रियाज वाढवला की सुटेल, सर पण म्हणायचे जोर लावा, आवाज मोकळा होतो. मोकळा कसला, चार महिन्यांत बसला. तीन आठवडे घोगरा राहिला तेव्हा बायकोनं धरून कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी दुर्बीण घालून बघितलं, स्वरतंतूंना सूज, महिनाभर गाणं बंद आणि बोलणं पण कमी. (बोलणं बंद झाल्यावर घरात शांतता कशी छान वाटतेय हे सगळ्यांनी मला ऐकवलं, ते वेगळं.) सहा महिन्यांची फी आधीच भरलेली, ती गेलीच.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, पहिल्या दिवशी शिकवणारा माणूस तुमची पट्टी शोधतो का बघा. म्हणजे पेटीवर एकेक सूर देऊन, खाली कुठपर्यंत आरामात जाता, वर कुठं ताण येतो, हे तपासून मग सा ठरवतो का. दहा मिनिटांचं काम आहे हो. बायकांचा आणि लहान मुलांचा सा साधारण काळी चार-पाचच्या आसपास निघतो, पुरुषांचा काळी एक ते पांढरी दोन, पण हे साधारण झालं, तुमचा त्यातच बसेल असं नाही. मोठ्या बॅचमध्ये हे जमत नाही म्हणणारे असतात, तर मग निदान पट्टीप्रमाणं दोन गट करावेत ना. आणि पुढं कुणाला मुलाला घालायचं असेल तर बारा-पंधराच्या दरम्यान आवाज फुटतो, त्या काळात तार सप्तकात (वरच्या सुरांत) ओढायला लावणारा शिक्षक लांबूनच नमस्कार करून सोडावा.

दुसरं पेटीचं. बऱ्याच क्लासात सर किंवा मॅडम तासभर पेटी वाजवत राहतात आणि पोरं तिच्या मागनं गात राहतात. ऐकायला झकास, आईवडील पण खूश. पेटी थांबवा आणि मग ऐका! चुकलेलं सगळं पेटी झाकते, आपण सुरात आहोत का पेटीला टेकून आहोत हे पोराला कळतच नाही. शिवाय पेटीचा शुद्ध गंधार (ग) तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, कारण पेटीचे सूर सारख्या अंतरानं कापून ठेवलेले. हे मला पुस्तकातनं नाही, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कळलं. एका दुकानात कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेखाली सुताचा दोरा मागं-पुढं सरकवत जवारी लावत होते, म्हणजे तारेचा आवाज घुमता करत होते, आणि नुसत्या खर्जाच्या (सगळ्यात खालच्या सा च्या) तारेतनं गंधार ऐकू यायला लागला, कुणी छेडलेला नाही, आपोआप. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. त्या दिवसापास्नं माझा कान बदलला बघा. आपल्याकडं सतार-तंबोऱ्याचं एवढं मोठं घर आहे (२०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं) आणि आपली पोरं पेटीवर टेकून गातात, काय बोलायचं. मोबाईलवरचा तंबोरा चालेल, पण तासातला काही वेळ तरी फक्त तंबोऱ्यावर एकेकट्याला गायला लावणारा शिक्षक हवा.

यातच पुढचं आलं. दोन तास नुसतं मागं बसू द्याल का म्हणून विचारा. तिथं हुशार पोरगी काय गाते ते ऐकू नका, कच्चं पोरगं चुकतं तेव्हा शिक्षक काय करतो ते बघा. कणसूर, म्हणजे किंचित बेसूर, लागल्यावर लगेच कळतं का त्यांना? तिथंच थांबवून तो एक सूर परत परत लावून घेतात, का पुढच्या ओळीवर जातात, का सगळ्यांसमोर टाकून बोलतात? गाणारा मोठा आणि शिकवणारा चांगला ही दोन वेगळी माणसं असू शकतात. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला जाता आलं तर अजून बरं, पण तिथं पण शेवटी गाणाऱ्या पट्टशिष्यावर जाऊ नका, तो कुठंही गेला असता तरी गायला असता. तीन वर्षं शिकलेली मधली चार पोरं कशी गातात, ती बघा.

परीक्षांचं म्हणाल तर माझा विरोध नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा, विशारद अशा चढत जातात, त्यानं मुलांना शिस्त लागते. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण पण मिळतात, नियम शाळेत विचारून घ्या. पण वर्षभर त्याच चार बंदिशी घोटून घेतात आणि परीक्षा झाली की पुढचा फॉर्म, असा क्लास असेल तर सर्टिफिकेट भिंतीवर आणि पोरगी भूप रागात दोन आलाप स्वतःचे घेऊ शकत नाही. असली उदाहरणं माझ्या ओळखीत आहेत, एक तर घरातच आहे.

आणि असं बघा, ज्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढून गाणं वर्गात आणलं, ते स्वतः मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं समोर बसून वर्षानुवर्षं शिकले. वर्ग ठीक आहे, पण आठवड्यातनं एकदा तरी समोरासमोर, एकट्याची तालीम मिळते का बघा.

ऑनलाइन मुलीसाठी नको. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळं गुरूबरोबर एकत्र गाताच येत नाही, आणि ती व्हिडिओ कॉलची ॲपं तंबोऱ्याला गोंगाट समजून कापून टाकतात, सेटिंग बदलावं लागतं. तुमचा पाया झाला की तुम्हाला चालेल.

मिरज का विश्रामबाग, तर मिरजेचं नाव मोठं, किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले, त्यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात अजून गाणं होतं, एकदा रात्री मुलीला घेऊन ऐकायला याच. पण आठ वर्षांच्या पोरीला शाळा सुटल्यावर बसमधनं इतक्या लांब आणलं तर ती गाण्याआधी झोपेल. जवळचा बरा मिळाला तर जवळच. पहिल्या दिवशी कुणी गंडा (गुरूनं शिष्य म्हणून स्वीकारल्याचा धागा) बांधत नाही, महिन्याभराची फी द्या आणि नाही पटलं तर सरळ सांगून निघा, मी भिडेपोटी चार महिने काढले तसं करू नका.

एक-दोन ठिकाणी बसून या आणि मुलीचा सा कुठं निघाला तेवढं इथं कळवा, मग तंबोरा कुठला घ्यायचा त्याचं बोलू.