डँपर बंद, तरी पंखा पूर्ण वेगात

प्रश्न : आमच्या कार्यालयात एकाच एअर हँडलिंग युनिटमधून (वातानुकूलनाची हवा पुरवणाऱ्या मध्यवर्ती यंत्रातून) आठ खोल्यांना हवा जाते. रिकाम्या खोल्यांचे डँपर (हवेच्या वाटेतील झडपा) बंद केले की उरलेल्या खोल्यांच्या जाळ्यांतून शिट्टीसारखा आवाज येतो आणि विजेचे बिलही फारसे उतरत नाही. असे का होते?

उत्तर : डँपर हवेची वाट अडवतो, पंख्याचा वेग कमी करत नाही. तुमचा पंखा पूर्वीच्याच वेगाने फिरत असल्यामुळे डक्टमधील, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळीतील, दाब वाढतो आणि ती हवा उघड्या जाळ्यांतून जोराने बाहेर पडताना शिट्टी वाजते. यावर खरा उपाय म्हणजे पंख्याच्या मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवणे आणि मुख्य डक्टमध्ये, पंख्यापासून बऱ्याच पुढे, दाबाचा सेन्सर लावून त्याच्या संकेतावर वेग कमी-जास्त करणे. वेग ८० टक्क्यांवर आणला, तर तत्त्वतः वीज निम्म्याच्या आसपास लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. डक्टमध्ये किमान दाब राखावा लागत असल्याने प्रत्यक्ष बचत याहून कमी भरते, तरीही ती डोळ्यांत भरण्याइतकी असते.

मात्र बाहेरची ताजी हवा घेणारा डँपर बचतीच्या नादात पूर्ण मिटू देऊ नका. पंख्याचा वेग उतरला की तिथून येणारी हवाही घटते, म्हणून तो किमान किती उघडा ठेवायचा, हे पंखा कमी वेगावर असताना हवा मोजूनच ठरवावे. मुख्य डँपर उघडल्याचा संकेत मिळाल्याशिवाय पंखा सुरू होणार नाही, अशी जोडणीही करून घ्या.