१४२८५७ मध्ये जादू कुठे आहे?

प्रश्न: सर, ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की १४२८५७ ही जादुई संख्या आहे. २ ने गुणलं की २८५७१४, ३ ने ४२८५७१, असं ६ पर्यंत तेच अंक नुसते जागा बदलतात आणि ७ ने गुणलं की एकदम ९९९९९९! मी कॅल्क्युलेटरवर चेक केलं, बरोबर आहे. पण ८ ने गुणल्यावर ११४२८५६ आलं, म्हणजे जादू संपली का? आणि हे होतं तरी कसं?

उत्तर: मेसेज खरा आहे (असे मेसेज खरे निघतात तेव्हा मलाच धक्का बसतो). पण कॅल्क्युलेटर जरा बाजूला ठेवा आणि कागदावर १ ला ७ ने भागा, शाळेत करायचो तसं, शून्य घेत घेत. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. मग ३० मध्ये चारदा, बाकी २. २० मध्ये दोनदा, बाकी ६. असं करत गेलात की भागाकारात १, ४, २, ८, ५, ७ येतात आणि सहाव्या पायरीला बाकी परत १, की गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे तुमची संख्या ही १/७ चा दशांशातला आवर्ती भाग आहे, बाकी काही नाही.

आता भागाकारातले अंक सोडा, बाक्या बघा: १, ३, २, ६, ४, ५. सातने भागताना शून्य सोडून जेवढ्या बाक्या येऊ शकतात त्या सगळ्या एकाच फेरीत येऊन गेल्या. मग २/७ काढायला बसलात तर सुरुवातच २ या बाकीपासून होते, आणि तिथून पुढचा रस्ता तोच, म्हणून २८५७१४. गोल टेबलाभोवती सहा जण बसलेत, मोजायला सुरुवात कोणापासून केली एवढाच फरक.

अजून एक गंमत मला स्वतःला जास्त आवडते. १४२ आणि ८५७ ची बेरीज ९९९ येते, कारण वरच्या यादीत दोन घरं सोडून असलेल्या बाक्या, १ आणि ६, ३ आणि ४, २ आणि ५, यांची बेरीज दरवेळी ७ च भरते.

८ ने काही बिघडलेलं नाही. ८/७ म्हणजे पूर्ण १ आणि वर १/७, तो पूर्ण १ पुढे येऊन बसलाय. तो काढून मागच्या १४२८५६ मध्ये मिळवा, आली की नाही परत आपली १४२८५७! वर्ग केला तरी असंच, २०४०८१२२४४९ येतात, त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे करून बेरीज करा, परत १४२८५७. अशा संख्यांना देवळालीचे गणितज्ञ द. रा. काप्रेकर यांच्यावरून काप्रेकर संख्या म्हणतात.

सगळ्याच मूळ संख्यांना हे, म्हणजे सगळ्या बाक्या एकाच फेरीत येणं, जमत नाही हं. १३ घेतलात तर सहाच अंकांत फेरी संपते आणि बाक्यांचे दोन वेगळे गट पडतात, १/१३ चे अंक ०७६९२३ आणि २/१३ चे १५३८४६. १७ ला मात्र जमतं, सोळा अंकी ०५८८२३५२९४११७६४७, फक्त सुरुवातीला शून्य येतं म्हणून मेसेजमध्ये शोभत नाही. १९, २३, २९ पण चालतात. अशा मूळ संख्या अनंत आहेत का? गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार हो, पण पक्की सिद्धता अजून कोणाकडेच नाही.