फ्लोअर रिकामा असताना जा

प्रिय पोरी,

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या फेस्टिव्हलचं तिकीट काढलंस हे कळलं. आधी तुझ्या आईचा फोन आला, मग तुझा मेसेज. तिची समजूत मी घातली आहे. तुला जे सांगायचंय ते मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

लवकर जा. ज्या डीजेच्या नावासाठी तू चालली आहेस ते सगळ्यात शेवटी असणार, आणि बरोबरची मंडळी म्हणतील, आत्तापासून जाऊन काय करायचं, कुणी नसेल तिथे. कुणी नसेल तेव्हाच जा. पहिला डीजे सुरू करतो तेव्हा समोर मोजकी माणसं असतात आणि साउंडवाले अजून वायरींवर टेप मारत असतात. त्या डीजेचं काम मला सगळ्यात अवघड वाटतं. मिनिटाला 118-120 ठोक्यांच्या वेगात, आवाज आवरून धरत, आलेल्या माणसाला थांबवायचं. त्याने पहिल्याच तासात सगळं उधळलं, तर पुढच्याला चढायला जागाच उरत नाही. ही चढण ज्याने ऐकली त्यालाच शेवटच्या 135 ठोक्यांच्या टेक्नोचा, म्हणजे यंत्रांवर रचलेल्या त्या नाचाच्या संगीताचा, अर्थ लागतो. थेट शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला नुसता दणदणाट येतो.

आपल्याकडे तर हे आणखी खरं आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचे स्पीकर रात्री 10 ला बंद करावे लागतात. सरकार वर्षात फार तर 15 दिवस ती वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. रात्रभर चालणारा सवाई याच नियमांनी घड्याळाला बांधला गेला. त्यामुळे इथले फेस्टिव्हल दुपारीच सुरू होतात. चार वाजता वाजवणारा वेळ काढायला बसवलेला नसतो, तुझ्या तिकिटातला अर्धा भाग त्याचा असतो.

तू पथकात ढोल वाजवतेस, म्हणून एक गोष्ट तुला शिकवावी लागणार नाही. एकच ठेका बराच वेळ चालला की कंटाळा येतो, मग तो कंटाळा निघून जातो आणि बारीक फरक ऐकू यायला लागतात. ताशाने जागा बदलली की अख्ख्या पथकाला कळतं, रस्त्याकडेच्या माणसाला कळत नाही. इथे कान तसाच लाव. आणि एकदा तरी डीजेचा हात दिसेल अशी जागा धर. दोन गाण्यांचा वेग जुळवून तो दुसरं हळूच आत घेतो, पण त्याचा बेस बंद ठेवून. कारण दोन्हींचे बेस एकत्र आले की सगळा चिखल होतो. मग चार-चार ठोक्यांचे 32 मात्रागट सरतात, 120 च्या वेगात साधारण 64 सेकंद, आणि एका क्षणी तो एकाचा बेस काढतो आणि दुसऱ्याचा सोडतो. त्या ठोक्याला फ्लोअरवरचे सगळे एकदम खाली बसल्यासारखे वाकतात, आणि बहुतेकांना का ते कळलेलंही नसतं. तुला कळेल.

हे परकं आहे असं बाबा म्हणतील. त्यांना चरणजित सिंग यांच्याबद्दल सांग. हिंदी सिनेसंगीतात वाजवणाऱ्या या माणसाने 1982 साली मुंबईत रोलँड कंपनीचं टीआर-808 हे तालाचं आणि टीबी-303 हे बेसचं यंत्र घेऊन राग वाजवले. ती रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. काही वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच 303 मधून अॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार काढला, आणि 2010 मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं.

शिकागोचं आणखी एक लक्षात ठेव. 1977 पासून वेअरहाउस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवायचा आणि समोर नाचणारे बरेचसे कृष्णवर्णीय, समलिंगी तरुण होते. बाहेर त्यांना कुठेच मोकळेपणा नव्हता. टेक्नो डेट्रॉइटचं, हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डर्सन या शाळेपासूनच्या कृष्णवर्णीय मित्रांनी ते उभं केलं. फ्लोअरचे रिवाज या मुळांना धरून आहेत: कुणाकडे टक लावून बघायचं नाही, न विचारता हात लावायचा नाही, कुणाचं शूटिंग करायचं नाही. बर्लिनमधल्या काही क्लबांत तर दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. तुला कुणी त्रास दिला तर संकोच न करता सिक्युरिटीकडे जा, आणि दुसऱ्या मुलीला होताना दिसला तरी जा.

कानांच्या बाबतीत मात्र मी काही ऐकून घेणार नाही. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने कामगारांसाठी 85 डेसिबलला दिवसाला आठ तासांची मर्यादा सुचवली आहे, आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं! स्पीकरपुढे आवाज याहून वर जातो. कापसाच्या बोळ्यांनी काही होत नाही. वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घे. त्यांतून संगीत स्वच्छ येतं, फक्त हलकं होतं. उभी राहायचं ते साउंड डेस्कच्या आसपास, कारण इंजिनिअर तिथे बसून आवाज जुळवत असतो. आणि तेच प्लग पथकातही घाल, गेल्या वर्षीच सांगणार होते.

नशेच्या गोळ्यांचा विषय टाळत नाही. कुणीतरी विचारेलच. नाही म्हण. एमडीएमए म्हणून दिलेल्या गोळीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि तासन्‌तास नाचताना त्याने अंगातली उष्णता जिवावर बेतेल इतकी चढू शकते. 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे, म्हणून ‘जरा तुझ्या बॅगेत ठेव’ यालाही नाही. बरोबरचं कुणी आजारी पडलं तर एकटं सोडू नकोस, मेडिकल तंबूत ने, काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांग; तंबू नसेल तर 108. तुझ्यापुरतं, घोट-घोट पाणी आणि मधूनमधून ओआरएस. नुसतं पाणीच ढोसत राहणंही बरं नाही.

जागा मुळशीच्या बाजूला आहे, रात्री तिथे रेंजही नसते आणि कॅबही नाही. परतीची गाडी आधी ठरव. जागून स्कूटर चालवायची नाही.

आणि हे संपलं की थांबू नकोस. कोरेगाव पार्क, मुंढव्याच्या बाजूला छोट्या जागांमध्ये पुण्यातलीच पोरं वाजवतात, कधीकधी वीस माणसांसमोर. तिथेही वेळेवर जा, आणि फुकट प्रवेशाच्या गेस्टलिस्टमध्ये नाव घाल म्हणून कुणाच्या मागे लागू नकोस. तिकीट काढ. त्या पैशातूनच पहिल्या तासाला वाजवणाऱ्याचं मानधन निघतं, आणि पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा बोलावता येतं.

तुझी,
ताई