विचारा बिनधास्त: घरात आजारी माणूस असलं की कुठल्या ऑफिसात जायचं?

या वेळी पत्रं बरीच आली आणि जवळजवळ सगळी एकाच सुराची, म्हणजे घरात कुणीतरी अंथरुणावर आहे नाहीतर मूल दिव्यांग आहे, करणारी व्यक्ती एकटी आहे आणि सरकारचं नेमकं काय मिळतं ते धड कुणी सांगत नाही. चार पत्रं घेतलीत, नावं गावं काढून टाकलीत.

प्रश्न: मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, बोलत नाही, सही करू शकत नाही. चार महिन्यांनी १८ पूर्ण होतील. बँकेत गेले तर म्हणाले आता आईची सही चालणार नाही, कोर्टातून पालकत्व आणा. मिस्टर वारलेत, कोर्टकचेरी मला झेपणार नाही. आम्ही तालुक्याच्या गावाला राहतो.

ताई, आधी एक श्वास घ्या, कोर्टात जायचं नाहीये. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा नेमका तुमच्यासारख्या घरांसाठी आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमायचं काम कोर्ट नाही, जिल्ह्याची स्थानिक समिती करते आणि तिचे प्रमुख असतात कलेक्टर. बँकेतल्या माणसाला हे माहीत नसतं बऱ्याचदा, त्याच्यावर चिडू नका, समितीचा आदेश हातात आला की तोच कागद त्याला दाखवायचा. मिस्टर नाहीत तर मृत्यूचा दाखला जोडून तुम्ही एकट्या अर्ज करू शकता.

आदेश मिळाला म्हणून काम संपलं असं नाही बरं का, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. पालक नेमल्यापासून ६ महिन्यांत मुलाच्या नावावर काय काय आहे त्याची यादी द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपलं की ३ महिन्यांत हिशोब. मुलाच्या नावावर काहीच नसलं तरी "काही नाही" असं लिहून द्या आणि पोच घ्या. एक शंभर पानी वही करा, मुलाच्या पैशातून काय आणलं ते तारखेसकट लिहा. आमच्याकडे दिराचं असंच आहे, सासूबाई पाठकोऱ्या कागदांवर लिहायच्या आणि मार्च उलटला की ते कागद शोधायला आख्खं घर.

आता मधल्या चार महिन्यांत काय करायचं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. तुमच्याकडे जुनं अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तरी हे करून घ्या, कारण आता सगळीकडे तोच नंबर मागतात. स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरायचा (मोबाईलवर होतो पण फोटो अपलोड करताना अडकतो, सरळ सेतूवाल्याकडे बसा), मग सिव्हिल किंवा उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी तपासणी. वार आधी फोन करून विचारा. आम्ही एकदा न विचारता गेलो, तपासणी दुसऱ्याच दिवशी होती आणि गाडीभाडं गेलं ते वेगळंच. सकाळी लवकर जा, मुलाचं खाणं, पाणी, बदलायचे कपडे आणि एक चादर बरोबर घ्या, बाकड्यावर बसून त्याची पाठ धरते. ४० टक्के आणि वर दिव्यांगत्व आलं की बहुतेक योजनांची दारं उघडतात.

कार्ड झालं की तीन गोष्टी. पहिली निरामय, नॅशनल ट्रस्टचाच आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि यात ॲडमिट न होता ओपीडी आणि थेरपीचा खर्चसुद्धा बसतो जो बाकीच्या विम्यांत सहसा बसत नाही, फक्त दर वर्षी रिन्यू करायचं विसरू नका. दुसरी संजय गांधी निराधार, म्हणजे दर महिन्याला मिळणारं अर्थसाहाय्य, तहसीलला त्याची वेगळी शाखाच असते. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे, बाकीच्यांना ती २१,००० आहे. महिन्याचे पैसे २०२३ ला १००० चे १५०० झाले आणि २०२५ ला दिव्यांगांसाठी २५०० केले. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या रिपोर्टवर तहसीलदार देतात, तिथेच गाडी अडते, शेती वाटून घेतलेली नसली की दिराचं पण उत्पन्न धरतात, तेव्हा रेशनकार्ड वेगळं असेल तर ते आधी दाखवा.

तिसरी गोष्ट तुमच्या गावातच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पाण्याचा, घरपट्टीचा पैसा येतो ना, त्यातले. ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) तोंडी विचारलं की "फंड नाही" असं उत्तर येतं, लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली की उत्तर बदलतं, असा माझा अनुभव आहे. ग्रामसभेत उठून विचारलं तर अजून लवकर बदलतं.

प्रवासाचं राहिलं. एसटीत मुलाला ७५ टक्के सवलत, आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर बरोबरच्या माणसाला ५० टक्के. तुम्हाला बाई म्हणून २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, पण मामा घेऊन गेला तर याचा उपयोग.

प्रश्न: सासूबाई ६८ वर्षांच्या, अर्धांगवायूने दीड वर्ष पडून आहेत. माझी नोकरी सुटली. जो माणूस घरी राहून सेवा करतो त्याला सरकारकडून काही पगार किंवा भत्ता असतो का? मैत्रीण म्हणते परदेशात असतो.

खरं सांगू का, तुमच्या नावाने काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्ता असा शब्द आहे, पण वीस वर्षं मी पालकांबरोबर ऑफिसं फिरते आहे आणि त्याचा फॉर्म मी अजून डोळ्याने पाहिलेला नाही. आपल्याकडे सगळं पेशंटच्या नावाने येतं, करणाऱ्याला कुणी धरतच नाही, सून म्हणजे घरातलीच असं गृहीत असतं. तुमची नोकरी गेली हे कुठल्याच रकान्यात भरता येत नाही.

मग त्यांच्या नावाने काय येईल ते बघू. ६५ च्या पुढे म्हणून श्रावणबाळ योजना, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची महिन्याची पेन्शन, पण उत्पन्नाची अट २१,००० ची आहे, मुलगा नोकरीला असेल तर नाद सोडा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २ लाखांपर्यंत उत्पन्न चालतं, एकदाच ३००० रुपये खात्यात येतात, कमोड खुर्ची किंवा व्हीलचेअर असल्या साधनांसाठी. ३००० त काय होतं म्हणाल, तर साधी कमोड खुर्ची होते आणि तुमची कंबर वाचते. अर्धांगवायूने हात पाय गेलेत म्हणजे त्यांचं पण यूडीआयडी निघू शकतं, ते वय झालंय म्हणून लोक काढतच नाहीत. पुन्हा ॲडमिट करायची वेळ आली तर महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, यादीतल्या हॉस्पिटलमध्ये दारातच आरोग्यमित्र बसतो, पैसे भरायच्या आधी त्याला गाठा, नंतर नाही. आणि ७० पूर्ण झाले की वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचं आयुष्मान भारतचं उपचाराचं कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अटच नाही.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची हे तुम्हाला सांगितलंच असेल. पण कशी ते बहुतेक सांगत नाहीत. सासऱ्यांच्या वेळी मी खांदा धरून ओढायचे आणि रात्री माझीच पाठ धरायची, मग एका फिजिओने दाखवलं की कंबरेखाली चौघडी केलेली चादर आडवी टाकून ठेवायची, पलीकडचा गुडघा दुमडायचा आणि चादरीचं टोक आपल्याकडे ओढायचं, माणूस आपोआप वळतो. सिव्हिलच्या फिजिओथेरपी विभागात जाऊन "मला शिकवा" म्हणा, पेशंट न नेता.

आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. फोन सासूबाईंसाठी नाही, तुमच्यासाठी. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी छापली नाहीये, पण वाचली आहे. आजच फोन करा.

प्रश्न: मुलगा अपघातात गेला, सून माहेरी जाऊन दुसरं लग्न केलं, दोन नातवंडं माझ्याजवळ. एक सहावीत एक दुसरीत. शिवणकाम करते. शाळेतल्या बाईंनी बालसंगोपन म्हणून काहीतरी सांगितलं.

बाईंनी बरोबर सांगितलं आजी. बालसंगोपन योजनेत एका मुलाला महिन्याला २२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत, म्हणजे दोघांचे ४५००. ही तहसीलची योजना नाही, तिथे हेलपाटे घालू नका, जिल्ह्याला महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं ऑफिस असतं तिथे अर्ज, मग बालकल्याण समितीसमोर मुलांना घेऊन जायचं आणि कुणीतरी घरी बघायला येतं. घर आवरून ठेवायची काळजी करू नका, मुलं तिथे राहतात का एवढंच बघतात. मुलाच्या मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, आणि घरासमोर मुलांबरोबर उभं राहून काढलेला तुमचा फोटो. तो फोटो लोक विसरतात आणि परत पाठवलं जातं. सून हयात आहे म्हणून कुणी "आई आहे की" म्हणून फिरवलं तर तिथून निघू नका, मुलं प्रत्यक्ष कुणाजवळ आहेत ते सांगा आणि समितीसमोर तेच लेखी द्या.

प्रश्न: वडील ८१, माझ्याकडे असतात. दोन भाऊ शहरात, एक रुपया देत नाहीत, वर एकाने घर स्वतःच्या नावावर करून घेतलंय "मी सांभाळतो" म्हणून. मी केस करू शकतो का?

दादा, केस तुमची नाही, वडिलांची आहे. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात अर्ज प्रांत ऑफिसला करायचा, तिथेच न्यायाधिकरण बसतं. वडिलांना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेला माणूस अर्ज करू शकतो, तो तुम्ही असू शकता. महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाहखर्च लावता येतो आणि नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार झालं तर अजून ३०.

घराचं कलम २३ मध्ये येतं. सांभाळायच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही तर तो व्यवहार रद्द करता येतो. पण बक्षीसपत्रात ती अट लिहिलेली आहे का ते आधी बघा, तिथेच सगळं अडतं. कागदाची नक्कल दुय्यम निबंधकाकडून काढा. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, अर्ज करायच्या आधी वडिलांनाच त्यांच्याशी बोलू द्या, तुम्ही शेजारी बसून उत्तरं देऊ नका.

आणि तारखेला त्यांना घेऊन जाताना गोळ्या आणि डबा बरोबर ठेवा, पुकारा बऱ्याचदा दुपारी होतो.